रक्तातील प्रथिने आणि यकृताचा कर्करोग

म्हैसूर शहराच्या वायव्य भागात जयलक्ष्मीपुरम ही शांत वस्ती आहे. तेथून थोड्याच अंतरावर म्हैसूरच्या राजघराण्यातील एका राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा प्रासाद आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये या प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. अन्न टिकवावे कसे, धान्याची नासाडी थांबवावी कशी आणि गरिबांच्या ताटात पुरेशी प्रथिने पोहोचवावीत कशी, हे संस्थेपुढचे आरंभीचे प्रश्न होते. यकृताच्या आजाराचा विचारही एक दिवस या वास्तूत करावा लागेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. तो करावा लागला, आणि त्याला निमित्त झाला भुईमूग.

शेंगदाण्यातून तेल काढल्यावर जी पेंड उरते, तिच्यात प्रथिने भरपूर असतात. ती स्वच्छ रीतीने तयार करून तिचे पीठ केले, तर ज्यांना दूध मिळत नाही अशा मुलांना ते स्वस्तात देता येईल, हा विचार त्या काळी मान्य होत होता, आणि म्हैसूरच्या संस्थेने त्यावर पुष्कळ काम केले होते. मात्र १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी अकस्मात मरण पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी याला कारण असल्याचे शोधाअंती आढळले. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ हे त्या बुरशीचे शास्त्रीय नाव. त्यातील अक्षरे घेऊन तिच्यापासून होणाऱ्या विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ असे नाव देण्यात आले. दमट हवेत, नीट न वाळवलेल्या शेंगदाण्यावर वा मक्यावर ही बुरशी सहज वाढते. तिचे विष शिजवल्याने किंवा भाजल्याने पुरते नष्ट होत नाही.

म्हैसूरमधील बालरोगतज्ज्ञ आणि या संस्थेतील व्ही. श्रीनिवासमूर्ती, एच. ए. बी. पार्पिया आदी शास्त्रज्ञ यांनी मिळून १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तीव्र कुपोषणाने आजारी असलेल्या काही बालकांना पूरक आहार म्हणून भुईमुगाचे पीठ देण्यात आले होते. ते दूषित आहे याची देणाऱ्यांना कल्पना नव्हती. त्यात दर किलोमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. भारतीय अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी पुढे जी मर्यादा घातली, ती ३० मायक्रोग्रॅमची होती. या बालकांची यकृते वाढली, त्यांत चरबी साठली आणि नंतरच्या काळात तंतू वाढून ती कठीण होत गेली. जे अन्न शक्ती येण्यासाठी दिले, त्यानेच यकृताला इजा केली. त्यावरून भारतातील लहान मुलांमध्ये त्या काळी आढळणाऱ्या यकृत-काठिण्याचे मूळ अफ्लाटॉक्सिनमध्येच असावे, असाही तर्क काही जणांनी केला. तो मात्र टिकला नाही. १९८३ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, तान्ह्या मुलांचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवल्याने त्यात उतरणारे तांबे हे या बालरोगाचे संभाव्य कारण आहे. भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करण्याची जुन्या गृहिणींची चिंता किती रास्त होती, हे त्यातून कळले.

अफ्लाटॉक्सिनचा मोठ्या माणसांवर होणारा परिणामही लवकरच दिसून आला. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत बुरशी आलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले. कावीळ आणि जलोदर ही त्यांच्यातील लक्षणे होती. त्यांपैकी १०६ जण दगावले. ही झाली विषाची तडकाफडकी बाधा. थोडे थोडे विष अनेक वर्षे पोटात जात राहिले, तर त्याचा परिणाम निराळा असतो. यकृताच्या पेशींतील गुणसूत्रांवर घाव बसत राहतात आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात ठेवले.

यकृताच्या कर्करोगाला अफ्लाटॉक्सिन हे एकच कारण नाही. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग, अतिमद्यपान आणि स्थूलता व मधुमेह यांमुळे यकृतात साठणारी चरबी ही त्याची अधिक मोठी कारणे होत. बहुतेक वेळा आधी यकृतात जागोजागी तंतू वाढून ते गाठाळ व कठीण होते. रुग्णालयात याला ‘सिरॉसिस’ म्हणतात. अशा यकृतात पुढे कर्करोगाची गाठ धरते. कारणे एकत्र आली की धोका कसा वाढतो, हे शांघाय शहरातील सुमारे १८,००० पुरुषांच्या पाहणीतून दिसले. केवळ अफ्लाटॉक्सिनची बाधा असणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, केवळ हिपॅटायटिस बी असणाऱ्यांत सुमारे सातपट, आणि दोन्ही असणाऱ्यांत सुमारे साठपट आढळला. ही बेरीज नव्हे, हा गुणाकारच म्हणावा लागेल.

आता मुख्य अडचण पाहू. यकृत हा सोशिक अवयव आहे. त्याचा मोठा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. त्याच्या आतल्या भागाला वेदनाही होत नाहीत. त्यामुळे पोट फुगेपर्यंत, डोळे पिवळे होईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. अशा अबोल अवयवाची खबर मिळवावी कशी? यकृतातून दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहत असते, आणि यकृत जी प्रथिने तयार करते ती बहुतांशी या रक्तातच सोडते. म्हणून दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तातही यकृताच्या कारभाराच्या खुणा सापडतात.

या खुणा दोन प्रकारच्या असतात, आणि हा भेद लक्षात ठेवला की अहवालावरील आकड्यांचा अर्थ लागू लागतो. काही प्रथिने निरोगी यकृत तयार करते. यकृत खालावले की ती रक्तात कमी होतात. काही प्रथिने कर्करोगाच्या पेशी तयार करतात. रोग वाढला की ती रक्तात वाढतात. रोग किती पुढे गेला आहे हे ठरवताना एकीकडे काय वाढले आणि दुसरीकडे काय घटले, या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. दुकानदार नुसता जमेचा रकाना पाहून नफा सांगत नाही, तसेच हे आहे.

पहिल्या प्रकारातील प्रमुख प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ते केवळ यकृतातच तयार होते. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे आणि अनेक पदार्थ आपल्याशी जोडून शरीरभर वाहून नेणे, ही त्याची कामे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरमागे ३.५ ते ५ ग्रॅम अल्ब्युमिन असते. ते बरेच कमी झाले की पायांवर सूज येते आणि पोटात पाणी साठू लागते. गाठ लहान असली तरी अल्ब्युमिन फार खाली गेले असेल, तर मोठी शस्त्रक्रिया रुग्णाला झेपत नाही, कारण कापल्यावर जे यकृत उरेल ते संसार चालवण्याइतके सशक्त नसते. म्हणून उपचार ठरवताना डॉक्टर अल्ब्युमिन, कावीळ दर्शवणारे बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि रुग्णाची शुद्ध या पाच गोष्टींना गुण देऊन यकृताची शक्ती मोजतात. २०१५ मध्ये फक्त अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन या दोन आकड्यांवरून अशी प्रतवारी करण्याची सोपी पद्धतही पुढे आली.

अल्ब्युमिनचा आणखी एक उपयोग म्हैसूरच्या भुईमुगाशी नाते सांगणारा आहे. खाण्यातून आलेल्या अफ्लाटॉक्सिनचे यकृतात रूपांतर होते, तेव्हा त्याचा काही अंश अल्ब्युमिनला चिकटतो. अल्ब्युमिनचे रेणू रक्तात काही आठवडे टिकत असल्याने हा चिकटलेला अंश मोजला, की मागील दोन-तीन महिन्यांत त्या माणसाच्या पोटात किती विष गेले याचा अंदाज येतो. आपण काय खाल्ले हे माणूस विसरतो, पण त्याच्या रक्तातील अल्ब्युमिन इतक्या लवकर विसरत नाही. ही तपासणी संशोधनात वापरली जाते. नेहमीच्या प्रयोगशाळेत ती होत नाही.

दुसऱ्या प्रकारातील सर्वांत परिचित प्रथिन म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. अहवालावर ते ‘एएफपी’ या तीन अक्षरांनी लिहिलेले असते. हे मुळात गर्भाचे प्रथिन आहे. आईच्या पोटात वाढणाऱ्या बाळाचे यकृत ते मोठ्या प्रमाणात तयार करते. जन्मानंतर ही निर्मिती थांबत जाते आणि बाळ वर्षाचे होईतो पातळी जवळजवळ मोठ्या माणसाइतकी खाली येते. प्रौढ माणसात ते दर मिलिलिटरमागे साधारणतः १० नॅनोग्रॅमहून कमी असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १९६३ मध्ये मॉस्कोतील गॅरी आबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात हे गर्भाचे प्रथिन पुन्हा आढळले. लगेच युरी तातारिनोव्ह यांनी ते कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातही दाखवले. प्रौढ पेशी कर्करोगी झाली की तिच्यात बालपणी बंद झालेले काही व्यवहार पुन्हा सुरू होतात, ही गोष्ट यातून उघड झाली. त्या काळची पद्धत ढोबळ होती आणि प्रथिन फार वाढल्याशिवाय ते दिसत नसे. पुढे किरणोत्सारी खुणांच्या आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने काही नॅनोग्रॅमपर्यंत मोजणे शक्य झाले.

एएफपी वाढले म्हणजे कर्करोग झालाच, असे मात्र मुळीच नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तात ते वाढते, कारण ते बाळाकडून येते. हिपॅटायटिसचा जोर वाढला असता मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घाईने वाढतात, तेव्हाही ते वाढते. पुरुषांच्या वृषणाच्या आणि स्त्रियांच्या बीजांडाच्या काही गाठींतही ते वाढलेले आढळते. उलट, यकृताचा कर्करोग असलेल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत ते वाढलेलेच नसते; गाठ लहान असेल तर हे प्रमाण आणखी मोठे असते. म्हणजे आकडा वाढलेला पाहून हाय खाणे जितके चूक, तितकेच आकडा सामान्य पाहून निर्धास्त होणेही चूक. पहिल्या चुकीने माणूस काही दिवस झोप घालवून बसतो. दुसरी चूक अधिक महाग पडते.

मग या तपासणीला महत्त्व का द्यावे? याचे उत्तर एका आकड्यात नसून आकड्यांच्या ओळीत आहे. समजा, हिपॅटायटिस बी असलेल्या दोन रुग्णांची दर तीन महिन्यांनी तपासणी झाली. पहिल्याचे आकडे १८०, ९५ आणि ३० असे आले. दुसऱ्याचे १८, ४६ आणि १३० असे. पहिल्या अहवालाच्या दिवशी कोणीही पहिल्या रुग्णाची काळजी केली असती. प्रत्यक्षात त्याच्या यकृताचा दाह विषाणूविरोधी औषधांनी शमत आहे. दुसऱ्याचा आकडा प्रत्येक खेपेला अडीचपटीहून अधिक वाढत आहे आणि दाहाचे अन्य लक्षण नाही. त्याची तातडीने सीटी किंवा एमआरआय तपासणी झाली पाहिजे. सिरॉसिस असलेल्या माणसात ४०० नॅनोग्रॅमच्या पुढचा आकडा प्रबळ संशय निर्माण करतो, हे खरे. पण निदान पक्के करायचे ते गाठीचे चित्र पाहून, आणि शंका उरल्यास तिचा तुकडा तपासून.

निदान झाल्यावर हेच प्रथिन रोगाची वाटचाल सांगू लागते. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली असेल, तर रक्तातील एएफपी दर पाच-सहा दिवसांनी निम्मे होत जाते. आरंभी ६४० असेल तर सहा दिवसांनी ३२०, बारा दिवसांनी १६०, असे करत साधारण पाच आठवड्यांत ते १० च्या घरात यायला हवे. ते मध्येच अडले, तर कोठेतरी रोगाचा अंश उरला आहे असे समजावे लागते. आधी उतरून काही महिन्यांनी पुन्हा चढू लागले, तर रोग परतल्याची ती पहिली सूचना असू शकते. कधी कधी ती चित्रात गाठ दिसण्याच्याही आधी मिळते. यकृत-प्रत्यारोपणाचा विचार करतानाही हा आकडा पाहतात. तो १,००० च्या वर असेल, तर गाठ लहान दिसत असली तरी कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरल्या असण्याची भीती अधिक असते. अशा वेळी बहुधा आधी अन्य उपचारांनी आकडा उतरतो का, हे पाहिले जाते. औषध निवडतानाही त्याचा उपयोग होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ‘रामुसिरुमॅब’ हे औषध केवळ एएफपी ४०० वा अधिक असलेल्या रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि त्यांना त्याचा लाभ झाला.

दाहामुळे वाढलेले एएफपी आणि कर्करोगामुळे वाढलेले एएफपी यांत फरक करण्याची एक युक्ती मोठी गमतीची आहे. कर्करोगी पेशी जे एएफपी तयार करतात, त्याच्या रेणूवर फ्यूकोज नावाची एक जादा साखर जोडलेली असते. ही साखर ओळखणारे प्रथिन मसुरात असते. होय, आमटीच्या मसुरातच! मसुरातून काढलेल्या या प्रथिनाला जे एएफपी चिकटते, ते वेगळे मोजतात आणि त्याला ‘एएफपी-एल३’ म्हणतात. एकूण एएफपीपैकी हा भाग १० टक्क्यांहून अधिक असेल, तर कर्करोगाचा संशय बळावतो. त्यातही हा भाग जितका मोठा, तितका रोग आक्रमक असण्याचा संभव अधिक.

तिसऱ्या खुणेचे नाव लांबलचक आहे. अहवालावर ती ‘पिव्हका-टू’ किंवा ‘डीसीपी’ अशी लिहिलेली असते. जखम झाल्यावर रक्त गोठते ते ज्या प्रथिनांमुळे, त्यांत प्रोथ्रॉम्बिन हे एक. ते यकृतात तयार होते. तयार होताना ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याला कॅल्शियम पकडणारे दहा आकडे बसवले जातात. कर्करोगी पेशीत हे काम अपुरे राहते, आणि आकडे न बसलेले, निरुपयोगी प्रोथ्रॉम्बिन रक्तात येऊ लागते. १९८४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवला. एएफपी सामान्य असलेल्या काही रुग्णांत हे प्रथिन वाढलेले आढळते, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र केल्यास कमी रुग्ण नजरेतून सुटतात. ते फार वाढले असेल, तर यकृताकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत रोग शिरला असण्याची शक्यता डॉक्टर विशेष लक्ष देऊन तपासतात. मात्र ‘के’ जीवनसत्त्वाची उणीव असली, किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन हे औषध चालू असले, तरीही ते वाढते. हृदयाची झडप बदललेल्या अनेकांना हे औषध घ्यावे लागते. चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगितली नाहीत, तर असा आकडा सर्वांनाच चुकीच्या वाटेने नेतो.

या तपासण्या सर्वांनी सरसकट करून घ्याव्यात, असे कोणी सुचवत नाही. निरोगी माणसांत खोटा इशारा मिळण्याचाच संभव अधिक. सिरॉसिस झालेले, आणि हिपॅटायटिस बी चा दीर्घ संसर्ग असलेले अनेक जण यांच्यासाठी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व तिच्या जोडीला एएफपी ही पद्धत रूढ झाली आहे. शांघायमध्येच हिपॅटायटिस बी झालेल्या, किंवा पूर्वी यकृताचा दीर्घ आजार असलेल्या १८,००० हून अधिक लोकांवर ती पडताळून पाहिली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाची अशी नियमित तपासणी ठेवली त्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. तेही बोलावलेल्यांपैकी बरेच जण तपासणीला वेळेवर येत नसताना. भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली सरकारी केंद्रांत हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. ज्याला आपल्याला संसर्ग आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या एएफपीची वेळ कधी येतच नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा जायचे म्हटले की रोजंदारी बुडते, प्रवासाचा खर्च येतो, आणि मागच्या खेपेला सर्व ठीक निघाले असेल तर कंटाळाही येतो. शिवाय जुना कागद सापडत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची यंत्रे व रसायने सारखी नसतात; एकाच रक्ताचे दोन ठिकाणचे आकडे थोडे वेगळे येऊ शकतात. त्यामुळे शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करणे आणि सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एका पिशवीत जपून ठेवणे सोयीचे असते. नवा अहवाल पुढे ठेवला की अनुभवी डॉक्टर बहुधा आधी विचारतात, ‘‘याच्या आधीचा आणला आहे का?’’